आतेघरचा विडा

शकूचा तवा तापलेला असताना तिच्याशी बोलायला जाऊ नये, हे गोडदेवात सगळ्यांना ठाऊक आहे. बेलिफाला ठाऊक नव्हतं.

तो सकाळी नऊला आला. तळमजल्याच्या खोलीत तीन शेगड्या पेटलेल्या, परातीत तांदळाच्या उकडीचा ढीग, आणि शकू पाटावर बसून भाकऱ्या थापतेय. काशीगावात कुणाची तरी हळद होती, दोनशे भाकऱ्या बारापर्यंत पोचवायच्या होत्या.

"शकुंतला रामनाथ तुम्हीच ना?"

"मीच. काय पायजे?"

"कोर्टाचं समन्स आहे. इथं सही करा. येत नसेल तर अंगठा."

"अंगठा तुज्या आयशीचा घे. सातवी शिकलेली हाय मी." पिठाच्या हातानंच तिनं पेन घेतलं आणि सही केली. कोर्टात गेलेल्या त्या पावतीवर शकूची चार बोटं अजून उमटलेली असतील.

तिची मुलगी भाविका कामावर निघाली होती. केबिन रोडवर रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती काउंटरवर बसते. शकूनं कागद तिच्यापुढं धरला. "वाच."

भाविकानं दाराशी उभ्या उभ्या वाचायला घेतलं. अर्जदार रामनाथ, जाबदार शकुंतला. विवाह १९९८ साली मौजे गोडदेव इथं. अर्जदाराची आई आणि जाबदाराचे वडील ही सख्खी भावंडं. त्यामुळे अर्जदार आणि जाबदार हे नात्यानं...

भाविका थांबली.

"पुढं वाच."

"...नात्यानं भाऊ-बहीण असून, त्यांचा विवाह कायद्यानं प्रतिषिद्ध नातेसंबंधात मोडतो. सबब तो शून्य आहे, असं जाहीर करावं."

"शून्य म्हंजे?"

"म्हणजे लग्न झालंच नाही, असं. पहिल्यापासून."

शकूनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, टोपलीत टाकली. मग उलथनं हातात घेऊन ती दारात आली आणि रिकाम्या जिन्याकडं बघून ओरडली, "बहीन काय रं मुडद्या? चोवीस वरसं बहिनीसंगं झोपत व्हतास?"

जिन्यात रामनाथ नव्हता. वर्षभरापूर्वीच तो हायवेकडं राहायला गेला होता. तिथं त्याचे पाण्याचे टँकर उभे असतात, आणि तिथंच चांदणीचं ब्यूटी पार्लर आहे. त्याला चांदणीशी रीतसर लग्न करायचं होतं. त्यासाठी शकूकडून सोडचिठ्ठी हवी होती, आणि शकू ती देत नव्हती. तीनदा माणसं पाठवून झाली. चौथ्यांदा त्यानं वकील गाठला. वकिलानं सगळं ऐकून विचारलं म्हणे, "बायको नात्यातली का?" रामनाथ म्हणाला, "मामाची पोर." वकील खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, "मग सोडचिठ्ठी हवी कशाला? तुमचं लग्नच नाही झालेलं."

आता हे ऐकून आमच्याकडचा कुणीही माणूस आधी हसेल. मामाची मुलगी बहीण! अहो, आमच्यात मुलगी जन्मली की तिच्या बापाच्या आधी आते म्हणते, माझी सून आली. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. ती बाहेर द्यायची ठरली, तर मुलीच्या बापानं थाळी घेऊन बहिणीच्या घरी जायचं. थाळीत पाच पानांचा विडा आणि शेंडी राखलेला नारळ. थाळी भाच्यापुढं ठेवायची आणि विचारायचं, देऊ काय दुसऱ्याला? भाच्यानं विडा कपाळाला लावून परत थाळीत ठेवला, म्हणजे मुलगी मोकळी. विडा तोंडात घातला, म्हणजे ती त्याची. मग बापानं तोंड बंद ठेवून घरी यायचं आणि बाहेरच्या पाहुण्यांना नकार कळवायचा.

शकूचं लग्न असंच झालं. ती तेव्हा एकोणीसची. काशीगावचा उत्तम तिला बघून गेला होता. फिटरचं काम करायचा, बोलायला लाजरा. जाताना दारात चप्पल घालता घालता त्यानं तिला हळूच विचारलं, "तुमाला पुढं शिकायचाय काय?" तो प्रश्न तिला पाठ झाला. तिला कुणी काही विचारलं, असा तिच्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग. बाप धाकू खूश होता. रिवाज म्हणून तो थाळी घेऊन तीन आळ्या पलीकडं बहिणीकडं गेला. रामनाथ तेव्हा चोवीसचा, मिठागर सुटलेलं, काम काही नाही, ओट्यावर पत्ते कुटत बसलेला. त्यानं थाळीकडं बघितलं, पत्ते खाली ठेवले, विडा उचलला आणि तोंडात घातला. का घातला, ते त्यालाही सांगता यायचं नाही. शकूवर जीव होता असं नाही. दुसऱ्याला मिळतेय तर आपल्याला का नको, एवढंच असावं. पाच पानं होती, चावायला बराच वेळ लागला. धाकू समोर उभा राहून बघत राहिला.

घरात शकूला हे सांगितलं चंपाबायनं. चंपाबाय आमची धवलारीण. लग्नात धवले गाते. ती गायला बसल्याशिवाय हळद लागत नाही. "तुजा विडा खाल्ला गो रामनाथनं," ती म्हणाली. शकूनं विचारलं, "आनि माजा काय?" चंपाबायला तो प्रश्नच कळला नाही.

केबिन रोडवर चपलांच्या दुकानाच्या वर संजना वकिलीणबाईंचं ऑफिस आहे. तिशीची बाई, बोलायला तुटक. तिनं कागद वाचले आणि चष्मा काढला.

"शकूताई, कायद्याचं पुस्तक त्यांच्या बाजूनं आहे. सख्ख्या भाऊ-बहिणींच्या मुलांचं आपसात लग्न चालत नाही, असं कलमच आहे."

"मंग तुमी कोनाच्या बाजूनं?"

"पूर्ण ऐका. त्याच कलमात पुढं म्हटलंय, की रूढी असेल तर चालतं. पण रूढी आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, ती सिद्ध करावी लागते. जुनी पाहिजे, सलग चालत आलेली पाहिजे, सगळ्यांनी सारखी पाळलेली पाहिजे. आणि कुटुंबाची रूढी असेल तर त्या कुटुंबानं मधेच टाकून दिलेली नसली पाहिजे. हे सगळं दाखवायचं कुणी? तुम्ही."

"त्यानं खाल्ला विडा आनि दाखवायचा मी?"

"हो. कायदा असाच आहे."

"आणि नाही दाखवता आलं तर?" भाविकानं विचारलं.

"तर आईचं लग्न झालेलंच नाही, असा हुकूम. तुला काही होणार नाही. असल्या लग्नातली मुलंही कायदा औरस धरतो. पण आई त्या घरात कोण म्हणून होती, ह्याला उत्तर राहणार नाही."

परत येताना रिक्षात भाविका चिडली होती. "आई, हे भारी आहे हां. ज्या विड्यानं तुला न विचारता उचलून देऊन टाकलं, त्याच विड्यासाठी तू कोर्टात भांडणार? ही प्रथा चांगली होती, असं सांगणार?"

"चांगली कोन बोलला? व्हती, येवढा सांगनार."

"बाबांना सोडून दे ना. कशाला पाहिजे तो माणूस?"

"मानूस नको मना." शकू रस्त्याकडं बघत होती. "चोवीस वरसं त्याच्या आयशीचा गू काढला मी. ती माजी आते व्हती आनि सासूबी. मेली ती माज्या मांडीवर. तवा मी कोन व्हतू? आं? पावनी?"

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि परत रस्त्याकडं बघायला लागला.

ठाण्याच्या कुटुंब न्यायालयात केस उभी राहिली. पहिल्यांदा रामनाथनं साक्ष दिली. विडा बिडा काही आठवत नाही, घरच्यांनी लग्न लावून दिलं, मी अडाणी होतो. शकू समोरच्या बाकावर बसून त्याच्याकडं बघत होती, आणि तो साक्षभर पंख्याकडं.

मग त्याची थोरली बहीण द्वारका आली. द्वारका गोडदेवातच दिलेली, तिचा एकुलता मुलगा सुयोग पुण्यात इंजिनियर. शकूची ती नणंद, आणि त्याआधी आतेबहीण. लहानपणी दोघी एका ताटात जेवलेल्या. जरीचं लुगडं नेसून पिंजऱ्यात उभं राहून द्वारकानं शपथ घेतली आणि प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. आमच्या कुटुंबात मामाची मुलगी करण्याची रूढी नाही. भाच्याला विडा पाठवण्याची पद्धत आमच्या घरात कधी नव्हती. माझ्या लग्नात असा विडा कुणालाही गेला नाही.

संजनानं उलटतपासणी घेतली. "भाच्याला विडा म्हणजे काय, ते तरी तुम्हाला माहीत आहे का?"

"न्हाय बा. मी कधी बगितलाच न्हाय."

बाहेर व्हरांड्यात शकूनं तिला गाठलं. "ताय, तुज्या जिभेला काय हाड न्हाय काय गो?"

"कोर्टात जायचा कुनी? तू भावाला सोडत न्हायस म्हनून गेला तो. लाज वाटत असंल तर सही दे आनि मोकली हो."

"सही देनार न्हाय. तू मर."

"तू मर आदी."

दोघींना शिपायानं बाजूला केलं.

शकूकडून साक्षीला चंपाबाय आली. सत्तरी उलटलेली, कानात वजनदार बुगड्या, हातात काठी. रामनाथचे वकील पेन हातात फिरवत उठले.

"आजी, तुमचं म्हणणं, पन्नासेक लग्नांत तुम्ही हा विडा जाताना पाहिलाय. तारखा सांगा."

"तारका भटाकडं. मी धवलं गाते."

"वर्ष तरी सांगाल?"

"सांगते ना. शेवंतीचा झाला, खाडीचा बांध फुटला त्या साली. तिच्या बहिनीचा, आगरात मीठ धरला न्हाय त्या साली. मंग..."

"लेखी काही आहे?"

"लगीन काय लिवून करतात?"

वकिलांनी न्यायाधीशांकडं बघून हात पसरले. "म्हणजे एका पोरानं पान खाल्लं, आणि लग्न ठरलं! असं असेल तर स्टेशनबाहेरच्या पानाच्या टपरीवर रोज हजार लग्नं ठरत असतील, नाही का?"

मागं बसलेले लोक हसले. चंपाबायनं त्यांचं हसू संपू दिलं. "त्या पानवाल्याची पोर तुमच्या मामाची हाय काय?"

आता जास्त लोक हसले. न्यायाधीशबाई खाली मान घालून काहीतरी लिहायला लागल्या. पण वकील मुरलेला होता. त्यानं आवाज खाली आणला.

"बरं आजी. रामनाथच्या घराण्यात, रामनाथच्या आधी, मामाची मुलगी केल्याचं शेवटचं लग्न कुणाचं?"

चंपाबाय विचारात पडली. "त्याच्या आज्याचा."

"आजोबांचं. वडिलांचं नाही, काकांचं नाही. आणि रामनाथनंतर?"

"नंतर पोरा शिकली. कोन करतं आता?"

"म्हणजे मागं एक पिढी कोरी, पुढं एक पिढी कोरी. कुटुंबानं ही प्रथा सोडूनच दिली होती."

"करत नसले तरी विडा जातं ना! द्यायची नसली तरी इचारतात ना!"

"तो विडा तुमच्याशिवाय कुणी पाहिला? त्या घरातलं एक माणूस सांगा."

चंपाबायनं कोर्टभर बघितलं. आते मेलेली, धाकू मेलेला. त्या घरातली जिवंत माणसं दोनच, आणि दोघंही पलीकडच्या बाकावर बसलेली. तिनं काठी आपटली. "हे बसलंय ना सालं! यालाच इचारा!"

ते वाक्य काही कुणी लिहून घेतलं नाही.

जिना उतरताना संजना म्हणाली, "शकूताई, खरं सांगते. घरातला माणूस बोलल्याशिवाय हे टिकणं अवघड आहे."

त्याच हिवाळ्यात भाविकाचं लग्न ठरलं. मुलगा भूपेश, काशीगावचा, लॅबमध्ये रक्ताचे नमुने गोळा करायला फिरतो. भाविकानं स्वतः पसंत केलेला. शकूनं त्याला एकच विचारलं, "तिला इचारतस ना रं कायबी करताना?" भूपेश म्हणाला, "इचारल्याशिवाय ती करू देत नाय." शकूनं त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

रामनाथ लग्नाला आला. बाप आहे, येणारच. पण त्याच्या वकिलानं त्याला बजावून पाठवलं होतं, की पाटावर शकूच्या शेजारी बसायचं नाही. देवकाला आई-बाप जोडीनं बसतात, उपरण्याला पदराची गाठ मारतात. तो एक फोटो कोर्टात गेला की संपलं. तेव्हा देवकाच्या वेळी रामनाथ मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. भटजींनी दोनदा हाक मारली. त्यानं मान हलवली.

"बाबा, या ना," भाविका म्हणाली.

"माजी कंबर धरलेय. काका बसंल."

चुलत काका-काकू बसले. शकू मागं हळदीचं ताट धरून उभी होती. भाविकानं तिच्याकडं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडू आलं असतं, आणि तोंडावर मेकअप होता.

दुपारी हळद लागायची. काशीगावची मंडळी पोचली, बेंजोवाले तयार झाले. चंपाबाय धवला गायला मांडी घालून बसली आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "आतेघरी विडा गेला काय गो?"

"न्हाय गेला," शकू म्हणाली.

"न्हाय म्हंजे?"

"आमच्या घरात तशी पद्धतच न्हाय. द्वारकातायनं कोर्टात लिवून दिलाय. शपथ घेतलेय तिनं. मी काय कोर्टापेक्षा शानी?"

नंतर गावात लोक म्हणायचे, शकूनं जाळं टाकलं. तसं काही नव्हतं. विड्याची थाळी भरायला ती सकाळी बसली होती, पानंसुद्धा आणलेली होती. पण देवकाला रामनाथ खांबाला टेकून उभा राहिला, तेव्हा ती आत गेली आणि पानं खरकट्याच्या बादलीत टाकून आली. एवढंच झालं होतं.

चंपाबायनं पाय पसरले. "मंग मी गात न्हाय. विडा न्हाय तर हलद न्हाय."

ही बातमी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या द्वारकापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. ती उठली. भाचीच्या लग्नासाठी काढलेलं सगळं सोनं अंगावर वाजवत ती मांडवाच्या मधोमध आली. व्हिडिओवाल्याला वाटलं, आते हळद लावायला आली. त्यानं कॅमेरा तिच्यावर धरला, माईकवाला पुढं सरकला.

"माज्या सुयोगला विडा न्हाय?" द्वारका गरजली. "मामाची पोर दुसऱ्याच्या घरात चालली, आनि भाच्याला इचारला न्हाय? माजा पोर काय मेलाय?"

"आई, मला नको गं विडा," सुयोग तिचा हात ओढत म्हणाला. पुण्यात त्याचं दुसरीकडं जमलेलं होतं. "मला कुठं लग्न करायचंय भाविकाशी? बस ना खाली."

"तू गप! तुना कलत न्हाय. हा मान हाय! तुज्या आज्यानं, माज्या बापानं, माज्या लग्नात काशीगावच्या आतेघरी विडा नेलता. ह्या हातांनी थाली भरलीती मी! पाच पाना, शेंडीचा नारल! सात पिढ्यांत ह्या घरातली पोर विडा न देता बाहेर गेली न्हाय, आनि ही भाकरीवाली माज्या पोराचा मान खाते?"

रामनाथ खांबापासून सुटून पळत येत होता. वकिलानं त्याला पाटाचं सांगितलं होतं. बहिणीच्या तोंडाचं सांगायचं राहून गेलं होतं. "ताय! ताय, गप बस! कॅमेरा चालू हाय! कॅमेरा!"

शकू ताट धरून उभी होती. तिनं ते खाली ठेवलं. "ताय, परत एकदा बोल गो," ती म्हणाली. "मागच्यांना आयकू न्हाय आला."

शेवटी चंपाबायनंच कुणाला तरी नाक्यावर पिटाळून पानं आणवली, थाळी भरली, सुयोगपुढं ठेवली. त्यानं लालबुंद होऊन विडा कपाळाला लावला आणि जळत्या निखाऱ्यासारखा परत टाकला. हळद लागायला दीड तास उशीर झाला.

भाविका महिनाभर आईशी बोलली नाही. संजनानं व्हिडिओ मागितला, तेव्हा तिनं फोनवरच सांगितलं, "नाही देणार. माझ्या हळदीचा तमाशा झाला तेवढा पुरे. सासरचे अजून हसतात. तुम्हाला आता तो कोर्टात लावून बघायचाय?"

शकूनं आग्रह धरला नाही. "तिची हलद हाय, तिची मर्जी. मना कुनी इचारला न्हवता. तिला इचारला, ती न्हाय बोलली. झाला."

संजना चिडली. "ताई, केस हराल."

"हरीन."

मग लग्नाचा अल्बम आला. काशीगावच्या घरात भाविका पानं उलटत होती. देवकाचं पान. पाटावर काका-काकू, गाठ मारलेली, हसतायत. फोटोच्या उजव्या कडेला एक हात, हळदीच्या ताटाला धरलेला. मनगटावर भाजल्याचे डाग. बाकीची शकू फोटोवाल्यानं कापलेली होती. डाव्या कडेला खांब, आणि खांबाजवळ बापाचा नवा बूट.

दुसऱ्या दिवशी ती गोडदेवात आली, शेगडीशेजारी पेन ड्राइव्ह ठेवला आणि म्हणाली, "बाबांनी बसायला पाहिजे होतं पाटावर." चहासुद्धा न पिता गेली.

संजनानं अर्ज करून द्वारकाला परत पिंजऱ्यात बोलावलं. व्हिडिओ खरा असल्याचं प्रमाणपत्र व्हिडिओवाल्यानं सही करून दिलं. कोर्टात लॅपटॉप लावला. हळदीच्या मांडवातली द्वारका कोर्टातल्या द्वारकासमोर गरजली. माज्या सुयोगला विडा न्हाय?

"हा आवाज तुमचा?" संजनानं विचारलं.

"रागाचा बोलना व्हता तो."

"राग कशाचा?"

"मान दिला न्हाय त्याचा!"

"कसला मान?"

द्वारकानं भावाकडं बघितलं. रामनाथ पंख्याकडं बघत होता.

त्याचे वकील उठले, की ही मानपानाची बाब आहे, लग्नाच्या हक्काची नाही. न्यायाधीशबाईंनी त्यांना थांबवलं. "वकीलसाहेब, परवानगी कुणाकडून मागतात? ज्याचा हक्क असतो त्याच्याकडून. आणि मला सांगा, कॅमेरा चालू आहे असं मागून कोण ओरडतंय?"

लॅपटॉपमध्ये बेंजोवाल्यानं चुकून एक सूर वाजवला.

त्यानंतर पाचव्या महिन्यात निकाल आला. रूढी सिद्ध झाली आहे, कुटुंबानं ती सोडलेली नाही, अर्ज फेटाळण्यात येतो. संजनानं पानं उलटून सांगितलं, "तुमचं लग्न कायदेशीर आहे. तेव्हाही होतं, आताही आहे."

"नाव काय लिवलाय?"

"शकुंतला रामनाथ."

"बरा," शकू म्हणाली, आणि सावंतांच्या साखरपुड्याची ऑर्डर आहे म्हणून बाराच्या बसनं निघून आली.

रामनाथनं वकील बदलला. नव्यानं सांगितलं, आता एकच वाट, दोघांच्या संमतीनं घटस्फोट. तिची सही लागेल. त्यानं आधी भाऊबंद पाठवले. शकूनं त्यांच्याबरोबर निरोप दिला, "सही मागायची तर त्याला सांग, थाली घेऊन ये. दुसऱ्याच्या घरात जायचाय ना त्याला? मंग इचारायला ये. रीत हाय ना आपल्यात. कोर्टानं लिवून दिलाय."

पंधरा दिवस तो आला नाही. मग एका सकाळी आला. खांद्यावर रुमाल, हातात स्टीलची थाळी. आळीतल्या बायका नळावर थांबल्या. चंपाबाय ओट्यावर काठी टेकून बसली. समोरच्या किराणावाल्या शेठनं विचारलं, "रामनाथभाई, क्या है, पूजा है क्या?"

शकूच्या तव्यावर भाकरी होती. तिनं वर बघितलं नाही.

"आनली थाली," रामनाथ म्हणाला.

"खाली ठेव."

त्यानं वाकून थाळी तिच्यापुढं ठेवली. पाच पानांचा विडा, शेंडीचा नारळ. नीट भरलेली होती. भरून द्वारकानं दिली, ते शकूला ओळखू आलं.

"इचार."

रामनाथचे कान लाल झाले होते. नळावर पाणी वाहून जात होतं, कुणी बंद करत नव्हतं. "शकू, जाऊ काय मी? दे मना मोकला करून. चुकला आसंल माजा."

शकूनं हात पदराला पुसले. विडा उचलला. वजन बघावं तसा तळहातावर धरला. रामनाथची नजर तिच्या कपाळावर गेली. आता लावेल, परत ठेवेल, संपेल.

शकूनं विडा तोंडात घातला.

पाच पानं होती, एका घासात जाण्यातली नव्हती. तिनं बोटानं आत ढकलली आणि चावायला लागली. सावकाश. त्याच्याकडं बघत. ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ उतरला, तो तिनं मनगटानं पुसला.

"खाल्ला गो बाय!" ओट्यावरून चंपाबाय ओरडली. "विडा खाल्ला तिनं!"

"तुना मी नको हाय ना?" रामनाथचा आवाज चिरकला. "मंग कशाला? कशाला, शकू?"

तोंड भरलेलं होतं, तिला बोलता येईना. तो उभा राहिला. एकदा धाकू जसा उभा होता तसा, तिचं चावून होईपर्यंत. मग तिनं पान डाव्या गालात सारलं.

"तुनं कशाला खाल्लातास?"

शकूनं नारळ उचलून शेगडीमागं ठेवला, मोकळी थाळी पायानं त्याच्याकडं सरकवली, आणि भाकरी उलटली.